मनसरचा काळा दगड : दोन स्कॉटिश घराणी आणि रामटेकच्या खदानी

१/
रामटेक म्हटले की गडावरची मंदिरे, वाकाटकांचे शिलालेख आणि कालिदासाचा विरही यक्ष आठवतो. मेघदूतातील रामगिरी म्हणजेच हा गड, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या विद्वानांचे मत. गडापासून पाच-सहा किलोमीटरवर मनसर आहे. १९९८ पासून तेथे झालेल्या उत्खननात वाकाटककालीन मंदिराचे भव्य अवशेष उजेडात आले. याच मनसरला आणखी एक इतिहास आहे. तो विटांचा नाही, काळ्या दगडाचा आहे. या धाग्यात त्या दगडाची कथा आहे, आणि ती स्कॉटलंडमधील एका छोट्या गावापासून सुरू होते.

२/
आधी दगडाविषयी. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या जिल्ह्यांतून सुमारे २०० किलोमीटर लांबीचा एक मँगनीज-पट्टा जातो. भूशास्त्रात या खडकांना ‘सौसर समूह’ म्हणतात आणि त्यातील एका थराला मनसरचेच नाव आहे. येथले खनिज काळे आणि हाताला अनपेक्षित जड. परिसरातील गावांची आणि खाणींची नावे पाहा : रामडोंगरी, बेलडोंगरी, लोहडोंगरी. ‘लोहडोंगरी’ या नावातच कोणीतरी त्या दगडाकडे पाहून त्याला लोखंडाचे नातलग मानल्याची खूण आहे.

३/
तसे मानणारी माणसे येथे होतीच. पेंच नदीकाठी नयकुंड येथे महापाषाण संस्कृतीच्या वसाहतीच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ती ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील आहे. म्हणजे या भागात लोहविद्या अडीच हजार वर्षांहून जुनी. तरीही मनसरचा काळा दगड शतकानुशतके डोंगरातच राहिला. एकोणिसावे शतक संपता संपता मात्र त्याच्यासाठी कंपन्या उभ्या राहिल्या, लोहमार्ग आले. दगड तोच होता. बदलली ती त्याची गरज. ती कोणी निर्माण केली?

४/
त्यासाठी स्कॉटलंडमधील एडिंबरोजवळच्या डॅल्कीथ या गावी जावे लागते. तेथे १७७२ मध्ये डेव्हिड मशेट यांचा जन्म झाला. तरुणपणी ते ग्लासगोजवळच्या क्लाइड लोखंड कारखान्यात हिशेबनीस म्हणून लागले. दिवसा वह्या लिहाव्यात आणि उरलेल्या वेळी भट्टीपाशी प्रयोग करावेत, असा त्यांचा क्रम होता. पुढे मालकांनी त्यांच्या प्रयोगांवर बंदी घातली. पण तोवर हा हिशेबनीस लोखंडाचा जाणकार झाला होता.

५/
१८०१ मध्ये डेव्हिड यांनी स्कॉटलंडमधील ‘ब्लॅकबँड’ हा लोहदगड ओळखला. कोळशाच्या थरांसोबत आढळणारा हा दगड खाणवाले निरुपयोगी समजत. त्यात भरपूर लोखंड आहे हे त्यांनी दाखवले. १८२८ मध्ये जेम्स नीलसन यांनी भट्टीत तापवलेली हवा फुंकण्याची पद्धत शोधली आणि मग याच दगडावर स्कॉटलंडचा लोहउद्योग फोफावला. डेव्हिड स्वतः मात्र तोवर स्कॉटलंडमध्ये राहिले नव्हते. ते आधी इंग्लंडमधील डर्बीशायरला गेले आणि १८१० च्या सुमारास कुटुंबासह कोलफर्ड येथे स्थिरावले.

६/
कोलफर्ड हे ‘फॉरेस्ट ऑफ डीन’ या वनप्रदेशातील गाव. इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरच्या या जंगलात रोमन काळापासून लोखंड आणि नंतर कोळसा खणला जाई. तेथे एक विलक्षण प्रथा होती. त्या परगण्यात जन्मलेला आणि खाणीत एक वर्ष व एक दिवस काम केलेला पुरुष ‘मुक्त खाणकामगार’ ठरे. त्याला राजाच्या जंगलात स्वतःची खाण काढण्याचा हक्क मिळे. बाहेरून आलेल्या माणसाला स्थानिक लोक सरळ ‘परदेशी’ म्हणत, मग तो शेजारच्या परगण्यातला का असेना. स्कॉटलंडहून आलेले मशेट घराणे या व्याख्येत दुहेरी परके होते.

७/
बाहेरचे भांडवल आले आणि जंगलाभोवती कुंपणे उठू लागली, तसा संघर्ष पेटला. जून १८३१ मध्ये वॉरन जेम्स या मुक्त खाणकामगाराच्या नेतृत्वाखाली लोकांनी ही कुंपणे तोडली. सैन्य आले, उठाव मोडला आणि वॉरन जेम्स यांना टास्मानियात हद्दपार केले गेले. पण प्रश्न तेथे संपला नाही. शासकीय चौकशी झाली आणि १८३८ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून मुक्त खाणकामगारांचे हक्क लेखी मान्य केले. बाहेरच्यांना खाणी विकत घेता येऊ लागल्या, परंतु जन्माने आणि श्रमाने मिळणारा मूळ हक्क टिकला. हा तपशील लक्षात ठेवावा. रामटेकच्या कथेत तो पुन्हा लागणार आहे.

८/
याच कोलफर्डमध्ये १८११ साली डेव्हिड यांचा धाकटा मुलगा रॉबर्ट जन्मला. वडिलांनी जवळच डार्कहिल येथे भट्टी उभारली होती. मुलाचे शिक्षण बहुतांशी त्या भट्टीभोवतीच झाले. डेव्हिड यांनी आयुष्यभराचे प्रयोग १८४० मध्ये एका जाडजूड ग्रंथात छापले आणि १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले. रॉबर्ट यांनी वारसा पुढे चालवला तो लहानशा प्रयोगशाळेत, तुटपुंज्या पैशांत, मोठ्या कारखानदारांपासून दूर राहून.

९/
ऑगस्ट १८५६ मध्ये चेल्टनहॅम येथील सभेत हेन्री बेसेमर यांनी पोलाद स्वस्तात तयार करण्याची नवी पद्धत जाहीर केली. वितळलेल्या कच्च्या लोखंडातून जोराने हवा सोडायची. हवेतील प्राणवायूने कार्बन जळून जातो, त्याच उष्णतेने धातू वितळलेला राहतो आणि काही मिनिटांत काम होते. कारखानदारांनी परवान्यांसाठी रांगा लावल्या. पण बहुतेकांचा माल फसला. तापवून ठोकताच पोलादाला भेगा पडत.

१०/
कारण रसायनात होते. हवा फुंकल्यावर प्राणवायूचा अंश धातूतच राहून जाई. शिवाय लोखंडातील गंधक कणांच्या सांध्यांवर लोहसल्फाइडचा पातळ थर बनवी. हा थर लालभडक तापमानाला वितळे आणि धातू आतून उकले. रॉबर्ट मशेट यांनी उपाय शोधला : हवा फुंकून झाल्यावर जर्मनीत मिळणारे ‘श्पीगेलआयझेन’ हे मँगनीजयुक्त लोखंड मोजून घालायचे. मँगनीज प्राणवायूला मळीत ओढून नेते आणि गंधकाला आपल्याकडे बांधून ठेवते. त्याच मिश्रणातून हवा तेवढा कार्बनही परत मिळतो. सप्टेंबर १८५६ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले.

११/
परीक्षा लवकरच झाली. १८५७ मध्ये डर्बी स्थानकातील वर्दळीच्या जागी मशेट यांच्या पोलादाचा रूळ बसवला गेला. तेथले जुने लोखंडी रूळ काही महिन्यांतच झिजून बदलावे लागत. हा रूळ सुमारे सोळा वर्षे टिकला. जगभरच्या रेल्वेचे भवितव्य त्या एका रुळाने सांगितले होते. यापुढे रूळ, पूल आणि जहाजे पोलादाचीच होणार आणि पोलादाच्या प्रत्येक भट्टीला मँगनीज लागणार, हे ठरून गेले.

१२/
शोध लागला, धन मात्र आले नाही. पेटंट चालू ठेवण्यासाठी तिसऱ्या वर्षी मुद्रांकशुल्क भरावे लागे. ते भरले गेले नाही आणि १८५९ मध्ये पेटंट रद्द झाले. आपल्याला मशेट यांच्या शोधाची गरज नव्हती, असा बेसेमर यांचा दावा होता. स्वीडनमध्ये शुद्ध खनिज वापरून या पद्धतीने उत्तम पोलाद झालेही होते. पण सामान्य ब्रिटिश लोखंडाला मँगनीजवाचून गत्यंतर नव्हते. १८६६ मध्ये रॉबर्ट यांची सोळा वर्षांची कन्या मेरी एकटीच लंडनला गेली आणि तिने बेसेमर यांच्यासमोर वडिलांची कैफियत मांडली. बेसेमर यांनी रॉबर्ट यांना वर्षाला ३०० पौंडांचे निवृत्तिवेतन सुरू केले. १८७६ मध्ये त्यांना बेसेमर यांच्याच नावाचे सुवर्णपदक मिळाले. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

१३/
रॉबर्ट मशेट यांना मनसर ठाऊक नव्हते. परंतु ते कोलफर्डमध्ये प्रयोग करत होते त्याच वर्षांत दुसरा एक स्कॉटिश माणूस नागपूरभोवतीचे दगड गोळा करत हिंडत होता. त्यांचे नाव स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयामुळे हे नाव परिचित आहे. त्यांचा जन्म १८१७ मध्ये स्कॉटलंडच्या सीमाभागातील डन्स या गावी झाला. वडील गवंडी होते. दगड पारखण्याची नजर त्या घरात पिढीजात होती, असे म्हणावयास हरकत नाही.

१४/
फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी म्हणून हिस्लॉप पत्नी इरास्मा यांच्यासह १८४४ च्या अखेरीस मुंबईला उतरले आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपुरास पोहोचले. तेव्हा नागपुरात तिसऱ्या रघुजी भोसल्यांचे राज्य होते. जवळच कामठीला इंग्रजी फौजेची छावणी होती. हिस्लॉप यांनी मराठी शिकली, शाळा काढली आणि धर्मप्रचाराच्या दौऱ्यांत हातोडीही सोबत ठेवली. १८४७ मध्ये त्यांना रॉबर्ट हंटर हे स्कॉटिश सहकारी मिळाले आणि दोघांनाही दगडांचा छंद लागला.

१५/
१८५१ मध्ये नागपूरलगतच्या टाकळी येथे या जोडीला बेसॉल्टच्या थरांमध्ये दबलेले गोड्या पाण्यातील शंख, बिया आणि प्राण्यांचे अवशेष मिळाले. अर्थ मोठा होता. दख्खनचा लाव्हा एका दमात आला नव्हता. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तेथे तळी होती, त्यांत जीवसृष्टी होती. १८५५ मध्ये दोघांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा विस्तृत निबंध लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला. मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन खुद्द रिचर्ड ओवेन यांनी केले. दरम्यान डिसेंबर १८५३ मध्ये रघुजी निवर्तले आणि १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले.

१६/
हिस्लॉप यांचे नाव निसर्गातही कोरले गेले. नागपूरच्या पाण्यात सापडलेल्या एका सूक्ष्म प्राण्याच्या प्रजातीला १८५८ मध्ये ‘हिस्लॉपिया’ असे नाव मिळाले. येथल्या हिरवट कॅल्साइटला १८५९ मध्ये ‘हिस्लॉपाइट’ म्हटले गेले. पण त्यांच्या वह्यांत दगडांइतकीच माणसेही होती. गोंडांची भाषा, देवदेवता, विवाहरीती आणि लिंगोची प्रदीर्घ कथागीते त्यांनी टिपून घेतली. इंग्रजीत लिहिणाऱ्या फारच थोड्या माणसांनी तोवर गोंडांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत ऐकून ठेवले होते.

१७/
४ सप्टेंबर १८६३. हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत होते. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेम्पल यांचा मुक्काम त्याच भागात होता. रात्रीच्या अंधारात बोरीजवळचा पावसाने फुगलेला ओढा घोड्यावरून ओलांडताना हिस्लॉप वाहून गेले. ४६ वर्षे पूर्ण व्हायला चार दिवस उरले होते. त्यांची टिपणे टेम्पल यांनी संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. १८८३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ महाविद्यालय उभे राहिले.

१८/
आता दोन्ही धागे जवळ येतात. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे एफ. आर. मॅलेट यांनी नागपूरजवळच्या ब्रॉनाइट या मँगनीज-खनिजावर टिपण छापले. आणि १८८१ मध्ये मध्य प्रांताचा जमीन महसूल कायदा झाला. त्यात स्पष्ट म्हटले होते की, करारात वा सनदेत वेगळे लिहिले नसेल तर सर्व खाणी आणि खनिजे सरकारच्या मालकीची. फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये ज्या सत्तेने खाणकामगाराचा जन्मसिद्ध हक्क कायद्यात लिहिला, त्याच सत्तेने त्रेचाळीस वर्षांनी रामटेकच्या डोंगरावरचा हक्क कागदाच्या एका ओळीत स्वतःकडे घेतला. डोंगराशेजारच्या गोंडांना तो कोणी विचारलाही नाही.

१९/
१८९६ मध्ये ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ ही कंपनी उभी राहिली. शतक बदलताना मनसर परिसरात खणणे सुरू झाले आणि पुढे कांद्री, बेलडोंगरी, सातक, गुमगाव अशी नावे जोडली गेली. कन्हानहून रामटेकपर्यंत शाखा-लोहमार्ग आला. खनिज डब्यांत भरून आठशेहून अधिक किलोमीटर दूर मुंबई बंदरात जाई आणि तेथून जहाजाने युरोपला. त्यापासून पोलाद मात्र येथे बनत नव्हते. दगड कच्चाच जाई आणि रूळ तयार होऊन परत येत.

२०/
जगात त्या काळी मँगनीजचा सर्वांत मोठा पुरवठा रशियन साम्राज्यातील कॉकेशसमधून, म्हणजे आजच्या जॉर्जियातील चियातुरा येथून होई. १९०४-०५ मध्ये रशिया-जपान युद्ध झाले आणि १९०५ मध्ये रशियात क्रांतीचा वणवा पेटला. तिकडचा पुरवठा विस्कळीत झाला, भाव चढले आणि खरेदीदार भारताकडे वळले. १९०७ मध्ये भारताचे उत्पादन नऊ लक्ष टनांवर गेले. त्या वर्षी भारत मँगनीजच्या उत्पादनात जगात अग्रस्थानी होता आणि त्यात मध्य प्रांताचा वाटा सर्वांत मोठा होता.

२१/
हे उत्पादन म्हणजे माणसांचे हात. सुरुवातीच्या बहुतेक खदानी उघड्या होत्या. पुरुष सब्बल आणि घण घेऊन दगड फोडत. बायका टोपल्या डोक्यावर घेऊन वर चढत आणि उन्हात बसून हातोडीने खनिजापासून फोल दगड वेगळा करत. काम ठेकेदाराकरवी चाले आणि मजुरी अंगावरच्या कामाची, म्हणजे जेवढा माल तेवढा दाम. गोंड आणि आसपासच्या गावकऱ्यांबरोबर छत्तीसगडकडून कुटुंबेच्या कुटुंबे आली. खदानीलगत वस्त्या उठल्या. कोलफर्डला आलेल्या मशेट घराण्यासारखीच हीदेखील स्थलांतरित घराणी होती. फरक इतकाच की कारखान्याच्या वहीत त्यांची नोंद नावाने नव्हे, आकड्याने झाली.

२२/
या खदानींचा सर्वांत तपशीलवार अभ्यास लुईस ली फर्मर या इंग्रज भूशास्त्रज्ञाने केला. १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ बाराशेहून अधिक पानांचा आहे. (प्रवासलेखक पॅट्रिक ली फर्मर हे त्यांचेच पुत्र.) त्यांनी अनेक खनिजांना नावे दिली. रामटेकजवळच्या काचरवाही येथल्या खनिजांना भूशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड आणि प्राध्यापक जड यांच्या नावांवरून ‘ब्लॅनफर्डाइट’ आणि ‘जडाइट’ म्हटले. झाबुआकडे विंच यांना मिळालेले खनिज ‘विंचाइट’ झाले. बेलडोंगरीच्या नावाने ‘बेलडोंग्राइट’ आले. पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांनी खुद्द फर्मर यांच्या नावाने ‘फर्मराइट’ केले.

२३/
आणि मँगनीजसोबत आढळणाऱ्या, गार्नेट व क्वार्ट्झ यांनी बनलेल्या खडकाला फर्मर यांनी ‘गोंडाइट’ हे नाव दिले, गोंडांवरून. त्याआधीच १८७० च्या दशकात कोळशाच्या थरांना ‘गोंडवाना’ हे नाव मिळाले होते आणि पुढे एका आदिम महाखंडालाही तेच लागले. म्हणजे एका जमातीचे नाव खडकाला, खडकांच्या मालिकेला आणि महाखंडालाही मिळाले. पण अधिकाऱ्यांची नावे व्यक्तींची आहेत आणि गोंडांचे नाव समूहाचे. ज्याच्या सब्बलीने खडक उघडा पडला अशा एकाही मजुराचे नाव कोणत्याही खनिजाला नाही.

२४/
तेजी टिकली नाही. १९३० नंतरच्या जागतिक मंदीत पोलादाची मागणी कोसळली आणि मध्य प्रांतातील उत्पादन झपाट्याने घसरले. अनेक खदानी थंडावल्या. ज्या हातांची नोंद आकड्याने झाली होती, ते आकडे सहज कमी करता आले. मशेट यांच्याकडे बेसेमरपर्यंत जाऊन भांडणारी मेरी होती. मनसरच्या मजुराने कोणाच्या दारी जावे? ज्याच्या भट्टीत त्याचे खनिज वितळत होते तो समुद्रापलीकडे होता आणि समोर होता तो फक्त ठेकेदार.

२५/
स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. जुन्या सिंडिकेटची वारस असलेल्या ब्रिटिश कंपनीशी भारत सरकारने करार केला आणि १९६२ मध्ये ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’, म्हणजे आजची ‘मॉइल’, स्थापन झाली. त्यात ५१ टक्के भांडवल केंद्र सरकार आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांचे, तर ४९ टक्के ब्रिटिश कंपनीचे होते. १९७७ मध्ये उरलेला हिस्साही सरकारने घेतला. मुख्यालय नागपूर. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव ही नावे आजही त्या कंपनीच्या खाणींच्या यादीत आहेत.

२६/
या सगळ्यातून काय उरते? डॅल्कीथच्या हिशेबनिसाच्या मुलाने मँगनीजला मोल आणले. डन्सच्या गवंड्याच्या मुलाने नागपूरच्या दगडांना वाचायला शिकवले आणि गोंडांची गीतेही लिहून ठेवली. दोघांचे श्रम खरे होते, दोघांची नावे टिकली हेही योग्यच. पण हिस्लॉप यांच्या वहीत जो गोंड गातो, कथा सांगतो, आपल्या देवांची नावे उच्चारतो, तोच चाळीस वर्षांनी खदानीच्या हिशेबात मुका होतो. बदल गोंडांत झाला नव्हता. लिहिणाऱ्याला आता गीत नको होते, टन हवे होते.

२७/
कोलफर्डच्या खाणकामगाराने दंगल केली, हरला, तरी त्याचा हक्क कायद्यात लिहिला गेला म्हणून त्याचा इतिहास सापडतो. रामटेकच्या खाणकामगाराचा हक्क लिहिलाच गेला नाही, म्हणून त्याचा इतिहास शोधावा लागतो. तो अजून पूर्ण हरवलेला नाही. मनसर-कांद्रीच्या जुन्या वस्त्यांतील आजी-आजोबांच्या आठवणींत आहे, हजेरीच्या वह्यांत आहे, छत्तीसगडी वळणाच्या मराठीत आहे. इतिहासाची आवड असलेल्या तरुणांनी गडावरचे शिलालेख जरूर वाचावेत. त्याबरोबरच गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या एखाद्या खाणकामगाराच्या घरी बसून, त्यांची परवानगी घेऊन, नावगावासह एक आठवण लिहून ठेवावी. हिस्लॉप यांनी गोंड गीतांसाठी केले ते हेच होते, आणि खदानींच्या बाबतीत ते काम अजून बाकी आहे.

(धागा समाप्त)